चहाच्या डागाखालचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. माझी बांधणी दोनदा चिकटवलेली आहे आणि एका पानावर चहाचा डाग आहे. तो डाग माझ्या मालकिणीच्या कॉलेजच्या दिवसांतला. तेव्हा मला उघडल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. पुढे तिचा संसार सुरू झाला आणि मी संगणकाच्या पडद्याखाली टेकू म्हणून गेलो. पडदा नेमका डोळ्यांसमोर येतो, एवढेच माझे कौतुक उरले.

यंदा तिच्या लेकीची प्रवेश परीक्षा आली. त्यात शब्दार्थांचे तीस प्रश्न. आईने मला बाहेर काढले. कागदाच्या पट्टीने ती अर्थ झाकायची आणि शब्द विचारायची. लेक धडाधड सांगायची. आला शब्द, की त्याच्यापुढे पेन्सिलीचा ठिपका. दोघी खूश होत्या. पण परीक्षेला तीन आठवडे उरले असताना सराव पेपरात तीसपैकी अकराच बरोबर आले.

"अगं, काल तर सगळे येत होते," आई म्हणाली.

"येतात ना, पण पानावरच्या जागेवरून. 'संदिग्ध' चहाच्या डागाखाली आहे. पेपरात डागच नव्हता."

"मग डाग घेऊनच जा परीक्षेला," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो." आईचा चेहरा उतरला होता. पट्टी तिनेच तर धरली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळे ठिपके खोडले. नवा नियम झाला : शब्द घरात खऱ्या कामी आला, तरच ठिपका.

मग घराला वाचा फुटली. बाबा भांड्यांबद्दल "बघू नंतर" म्हणाले, की लेक म्हणे, "बाबा, उत्तर संदिग्ध आहे. घासणार की नाही?" गळका नळ तसाच राहिला, ती बाबांची 'दिरंगाई' ठरली. बिचारे बाबा! बहुतेक ठिपके त्यांच्याच जिवावर पडले.

परीक्षेच्या सकाळी आईने ओळखपत्र आहे ना, म्हणून चौथ्यांदा पिशवी उघडली.

"आई, तुझी काळजी अनाठायी आहे."

आईने पिशवी ठेवली. मला उघडले, शब्द शोधला, ठिपका दिला आणि मगच दाराची कडी काढली.

दुपारी लेक परतली. "पेपरातले बरेचसे शब्द आपल्या घरातलेच निघाले," म्हणाली. पुढे तिला प्रवेशही मिळाला.

मित्रांनो, आम्हा शब्दकोशांना जपा, पण कव्हर घालून कपाटात कोंडू नका. रोज एक शब्द बाहेर काढा आणि बोलण्यात वापरा. आमच्या घरी हल्ली पडद्याखाली बुटांचा खोका आहे. मी जेवणाच्या टेबलावर असतो, पेन्सिलीच्या शेजारी.