गोलामागचा खडखडाट

मर्लचा जुना कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढायचा आणि पत्र्यावर गारा पडल्यासारखा वाजायचा. गावच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचा अध्यक्ष डेस्मंड त्या आवाजाला वैतागला होता.

“पाहुणे खेळाडू तक्रार करतात. पुढच्या शनिवारी बिनआवाजाचा कॅमेरा आण, नाहीतर गोलामागची जागा सोड.”

“लोक गाड्यांचे हॉर्न बडवतात, खेळाडूंच्या आयांचा उद्धार करतात, आणि कान दुखतात ते माझ्या कॅमेऱ्याने? नाही सोडत जा!” मर्ल फिस्कारली.

त्याच दुपारी सामना संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा पाहुणे पाच गुणांनी मागे होते, पण भोंग्याआधी मिळालेली त्यांची एक किक बाकी होती. बॉल खांबांमधून गेला तर सहा गुण, खांबाला लागला तर एकच. गोलामागे नेहमीसारखा आरडाओरडा सुरू झाला.

मर्लने वळून ओठांवर बोट ठेवलं. सगळे चिडीचूप.

किक मारणारा गडी शिव्या खातच मोठा झालेला. ही शांतता बघून तो बावचळला. धावत आला, पाय उचलला आणि मर्लने बटण दाबून धरलं. खडखडखडखड!

बॉल खांबावर आदळला. मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

डेस्मंड धापा टाकत आला. “अगं बये, ही चीटिंग आहे!”

“ओरडलेलं चालतं ना? मग हेही चालतं.”

त्याने हळूच विचारलं, “फोटो आला?”

मर्लने दाखवला. बॉल खांबावर चेपलेला, एकदम लख्ख.

“तुझ्या बिनआवाजाच्या कॅमेऱ्यात हाच बॉल आरपार गेलेला दिसला असता. शनिवारी मी इथेच उभी असणार. आता जा, माझ्यासाठी खिमा भरलेला गरम मीट-पाय आण. सॉस भरपूर!”

डेस्मंड खिसे चाचपत कँटीनकडे निघाला.