आईच्या घेवड्याचं एक आळं

डेल्बर्टकडे निकामी गोष्टींसाठी एकच माप होतं. न चालणारा ट्रॅक्टर असो की शब्द न पाळणारा पुढारी, तो म्हणायचा, "घेवड्याच्या एका आळ्याचीही किंमत नाही." केंटकीच्या त्या डोंगराळ खोऱ्यात सगळेच तसं म्हणत. तिथे आळं म्हणजे खड्डा नव्हे, तर पाच बिया टोचलेला मातीचा उंचवटा. परसात अशी चाळीस आळी असायची. एक गेलं तर कोण रडणार?

त्या वसंतात हे माप त्याने बहिणीच्या, व्हेस्टाच्या, बियाण्याला लावलं. आईने साठ वर्षं घरात राखलेला घेवडा सोडून तिने दुकानातलं बी लावावं, असा त्याचा आग्रह होता. व्हेस्टा वाद घालणारी नव्हती. तिने आईचा बियांचा डबा उघडला आणि ओढ्याकाठची सगळी जमीन त्याच घेवड्याने भरून टाकली. निम्मं बी कायम मागे ठेवायचं, ही आईची शिस्त. ईर्षेपायी ती तिने पहिल्यांदाच मोडली. तळाशी पाच बिया उरल्या, त्याही घरामागच्या चढावर मक्याच्या ताटाशी लावल्या.

जुलैत ओढा फुगला आणि काठ धुऊन गेला. आईकडून बी नेलेली सहा घरं होती, त्यांचीही परसं गेली, डबे गेले. चढावरचं आळं तेवढं राहिलं.

ऑगस्टमध्ये डेल्बर्ट जेवायला आला. वेलावर कोवळ्या शेंगा लटकत होत्या. डुकराच्या चरबीत शिजवल्या तर पातेलंभर होतील, म्हणत त्याने हात पुढे केला. व्हेस्टा मध्ये उभी राहिली.

"हात लावू नकोस, दादा."

"एका आळ्यासाठी एवढं?"

"आईचं एवढंच उरलंय आता."

त्याने हात खिशात घातला. दुसऱ्या दिवशी हरणं येऊ नयेत म्हणून जाळी घेऊन आला आणि न विचारता खांब ठोकत बसला. त्या वर्षी व्हेस्टाने एकही शेंग चाखली नाही.

ऑक्टोबरात शेंगा वाळून खुळखुळू लागल्या. दोघांनी ओसरीवर बसून सोलल्या. व्हेस्टाने मोजलं: अकराशे बारा बिया. आधी निम्म्या डब्यात गेल्या, झाकण घट्ट लागलं. मग उरलेल्यांच्या सहा पुड्या झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सहाही परसांत वेल चढले. रविवारी चर्चबाहेर शेजारचा ओरविल नव्या पुलावर चिडला होता. घेवड्याच्या एका आळ्याचीही किंमत नाही त्या पुलाला, असं तो म्हणाला.

डेल्बर्टने टोपी मागे सारली. व्हेस्टा दोन पावलांवर उभी होती.

"कुणाच्या घेवड्याचं आळं," तो म्हणाला, "ते आधी सांग."