बाथरूमच्या खिडकीतली फिल्म

मी सीटी स्कॅनची एक जुनी फिल्म आहे, मित्रांनो, आणि मी रागावले आहे. माझ्यात धम्मरत्नची मूत्रपिंडं आणि कमरेची हाडं आहेत. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या या माणसाला मुतखडा झाला, तेव्हा माझा जन्म झाला. सगळ्यांनी मला उजेडात धरून कौतुकाने पाहिलं. खडा पडला, तशी माझी किंमतही गेली.

मोशीतल्या त्यांच्या घरी बाथरूमच्या खिडकीची काच फुटली. धम्मरत्नच्या आईने, चतुराबाईंनी, मला चिकटपट्टीने तिथे लावलं. भिजत नाही, बाहेरून काही दिसत नाही! ज्या फिल्मसाठी माणूस यंत्रात निजला, ती झाली अंघोळीचा आडोसा.

यंदा पुन्हा कळ आली, पुन्हा स्कॅन झाला. खडा बारीकच होता, पण कमरेच्या हाडात एक पांढरा ठिपका निघाला. रिपोर्टमध्ये त्याला नंबर होता दोन. धम्मरत्नची बायको दीक्षा. तिच्या भावाने, सुजितने, फोनवर रिपोर्टचा फोटो पाहिला आणि कॅन्सरची दुसरी स्टेज म्हणून सांगून मोकळा झाला. सांगवीच्या नातेवाइकांपर्यंत रडारड पोचली. दीक्षा लेकीला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

मग तीच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर विजयश्रींनी समजावलं, की ही स्टेज नव्हेच. हाडातल्या एकट्या ठिपक्याला ठरलेल्या नियमांनी नंबर देतात. एक म्हणजे निरुपद्रवी, चार म्हणजे दाट संशय आणि दोन म्हणजे एवढ्यावरून सांगता येत नाही. याच्या कडाच धूसर आल्यात.

"जुनी फिल्म आणा. ठिपका तेव्हाही एवढाच असेल, तर काळजी नाही. नसेल तर कदाचित सुईने हाडाचा तुकडा काढावा लागेल."

दीक्षाने कपाटं उपसली, पलंगाखालच्या पेट्या उपसल्या. मी भिंतीपलीकडेच होते! घरातला प्रत्येक जण रोज माझ्यासमोर अंघोळ करत होता आणि एकालाही वर बघायची बुद्धी होईना. संताप होणार नाही तर काय?

शेवटी लेकीचं डोकं धुताना तिच्या डोळ्यांत साबण गेला. तिने मान वर केली, तिच्याबरोबर दीक्षानेही. ऊन माझ्यातून येत होतं. कमरेचं हाड आणि त्यात तो ठिपका.

"आई, ही इथं कुणी लावली?" तिने सासूला हाक मारून विचारलं.

"मीच की. खडा पडला व्हता, मग तिचं काय काम?"

कोपरा न फाडता दीक्षाने मला सोडवलं.

उन्हाने माझ्या कडा विटल्या होत्या, ठिपका मात्र शाबूत होता. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावून मोजलं. तेवढाच, तसाच. दोनचा एक झाला.

"म्हणजे सुई नाही?" दीक्षाने विचारलं.

"सुई नाही."

मित्रांनो, दुखणं थांबलं म्हणून आमचं काम संपत नाही. पुढे कधीतरी डॉक्टर जे विचारतील, त्याचं उत्तर आमच्याजवळ असतं. आम्हाला कोरडं ठेवा, सपाट ठेवा, आणि ग्रहण बघायला तर मुळीच काढू नका.

परवा चतुराबाई नवी फिल्म हातात घेऊन म्हणाल्या, "मग खिडकीला काय लावू?"

"काच, आई," दीक्षा म्हणाली आणि ती फिल्म त्यांच्या हातून घेऊन माझ्या पाकिटात सरकवली.