शेवटच्या बारा पानांचा लेखक

माझ्या सहा कादंबऱ्या छापून झाल्या, तरी टॅस्मानियातल्या आमच्या गीव्हस्टन गावात मला कुणी लेखिका म्हणत नाही. मी अजून 'हॅडोंच्या घरची ती पुस्तकवाली'च आहे. तक्रार नाही. वडिलांच्या बागेत सफरचंदं भरायची जुनी शेड आहे, तिथं शेगडी पेटवून सकाळी सहा ते अकरा मी कागदाशी भांडते. बहुतेक दिवस कागद जिंकतो.

मुलाखत घ्यायला आलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. 'लिहिण्याचं वेड कुणाकडून आलं?' मी सांगायची, 'घरातल्या कुणाकडूनच नाही.' वडिलांना झाडांपलीकडे काही दिसत नसे, आईला कामातून मान वर करायला फुरसत नसे. थोरला भाऊ लिंडसे पार पश्चिम किनाऱ्यावर, कार्नारव्हनला केळी पिकवतो. आमच्यात अख्खा ऑस्ट्रेलिया आडवा पडलेला, वर टॅस्मानियापर्यंतचा समुद्र. भांडण कधीच नव्हतं. वाढदिवसाला फोन व्हायचा.

"पाऊस आहे का?"

"आहे."

"इथं नाही."

झालं. अकरा वर्षांत भेट नव्हती.

मग वेडाचं मूळ म्हणून मी एका पुस्तकाबद्दल बोलायची. नऊ वर्षांची असताना मला गोवर आला. डोळ्यांना पट्टी, खोलीत अंधार. तेरा वर्षांचा लिंडसे रोज शाळेतून आला की उशाशी बसून मला एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवायचा. त्याचं मुखपृष्ठ कधीच गळून गेलं होतं, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी हेस्टर, समुद्रात हरवलेल्या बापाला शोधायला निघते. सात वर्षं भटकते. शेवटी एका ओसाड बेटावर तिला सफरचंदाची झाडं दिसतात, खिशातल्या एका फळाच्या बियांपासून बापानं वाढवलेली. तो तिला एवढंच म्हणतो, "उशीर केलास, पोरी. मोहर ओसरत आला." पट्टीखाली मी इतकी रडले की आईला वाटलं डोळे बिघडले. इतक्या साध्या शब्दांत माणसाला रडवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे आयुष्यभर मी तेवढंच करायला धडपडले. पुस्तक मात्र पुन्हा कधी हाती लागलं नाही.

यंदा आमच्या ग्रंथालयाच्या प्रूनं मला आवडत्या दहा पुस्तकांवर बोलायला बोलावलं. पहिलं पुस्तक बिननावाचं आहे म्हटल्यावर ती चेकाळलीच. दीड महिना कुठं कुठं पत्रं धाडून तिनं एका जुन्या संग्रहातून ते शोधून काढलं आणि शेडच्या दारात उभी राहिली.

"एव्हरिल, तुझी हेस्टर आणलीय बघ!"

मी त्या दिवशी एक ओळ लिहिली नाही. सगळं आठवत होतं तसंच होतं, दोनशे ऐंशी पानांपर्यंत. तिथून पुढे मात्र बेट नाही, झाडं नाहीत. हेस्टरला बाप सापडतच नाही. तिला एक लेफ्टनंट भेटतो, लग्न होतं आणि ती लंडनला जाऊन भरतकाम शिकते. बारा पानं भरतकाम!

मी लिंडसेला फोन लावला.

"पाऊस आहे का?" तो म्हणाला.

"पाऊस गेला खड्ड्यात. हेस्टरचा बाप कुठाय?"

 पलीकडे तो खो खो हसायला लागला.

"सापडलं वाटतं पुस्तक! अगं, बाबांना प्रदर्शनात फळं मांडायची होती. गुंडाळायचा कागद संपला, तर त्यांनी शेवटची बारा पानं फाडली. दुसरा नंबर आला होता, आठवतं?"

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? तू पट्टी बांधून बसलेली, रोज विचारायचीस, 'पुढे काय? पुढे काय?' मी कोऱ्या भिंतीकडे बघून वाचत राहिलो. मधूनमधून बोटाला थुंकी लावून पान उलटल्याचा आवाज करायचो."

"लिंड, चाळीस वर्षं मी त्या शेवटाबद्दल बोलतेय. वर्तमानपत्रात छापून आलंय."

"वाचलंय की. कात्रण ठेवलंय. ट्रॅक्टरवर बसून वाचलं, मग थोडा वेळ ट्रॅक्टर सुरूच केला नाही."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू त्या लेखकाचं इतकं कौतुक केलं होतंस! म्हटलं, राहू दे. नाहीतर त्या बिचाऱ्याला विचारतंय कोण?"

मला राग आला होता, पण तो टिकेना. फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये हिंडत राहिले. घरात लिहिणारी मी एकटी, या गोष्टीचा मला थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोलू? तो गर्व गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते कितीतरी ऊबदार होतं. मी पुन्हा फोन केला. "गुरुवारी माझं भाषण आहे. ये."

तो आला. सोबत स्वतःच्या मळ्यातली केळी. होबार्टच्या विमानतळावर तपासणीचा कुत्रा त्याच्या पिशवीपुढे जो बसला तो उठेचना. बाहेरची फळं इथं आणता येत नाहीत, हे जन्मानं टॅस्मानियन असलेला हा माणूस साफ विसरला होता! दारातून बाहेर आला तो रिकामी पिशवी घेऊन, केस पांढरे झालेले, चाल थेट बाबांची.

"तीन केळी तिथल्या तिथं खाल्ली," तो म्हणाला. "बाकीची जप्त. तू म्हातारी झालीस गं, एव्ही."

"तू आरशात बघतोस कधी?"

भाषणाला एकोणीस माणसं होती. मी हेस्टरची हकिकत सांगितली, भरतकामासकट. लिंडसे शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. तेवढ्यात नोरीन बॅट या आमच्या नव्वदीच्या शेजारणीनं हात वर केला.

"ते सगळं ठीक. पण तो माणूस सात वर्षं खात काय होता?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "पहिल्या वर्षी पक्ष्यांची अंडी."

सगळ्यांनी माना वळवल्या. तो उठून उभा राहिला आणि अंड्यांपासून सुरू झाला. मग शिंपले, मग एका हट्टी सीलशी झालेली दोस्ती. बोलता बोलता पुढेच आला. मी मुकाट्यानं खाली उतरून नोरीनशेजारी बसले. अर्धा तास त्यानं एकोणीस माणसांना त्या बेटावरून हलू दिलं नाही. माझी उरलेली नऊ पुस्तकं कुणी विचारली नाहीत. प्रू तर चहाचं पाणी उकळायचं विसरली.

आठवड्यासाठी आलेला लिंडसे महिनाभर राहिला. सकाळी मी लिहायची, तो पायरीवर बसून माझीच पुस्तकं वाचायचा आणि दारातून ओरडायचा, "एव्ही, नांगराला कुणी घोडा असा जुंपत नाही!" दोन चुका खरंच होत्या.

आता आमचा फोन दर रविवारी असतो. कोण काय वाचतंय, हा विषय. त्याला युद्धकथा आवडतात, मला त्या झेपत नाहीत, त्यामुळे भांडायला मुबलक जागा आहे. परवा त्यानं माझी चौथी कादंबरी वाचायला काढली.

"नव्वदाव्या पानावर आहे. ही बाई नवऱ्याला सोडते का?"

"वाच ना पुढे."

"सोडलं नाही तर मी तुझ्याशी बोलणार नाही, सांगून ठेवतो."

मी काही सांगितलं नाही. सोमवारी दुपारीच त्याचा फोन आला. रविवारपर्यंत त्याला दम निघाला नव्हता.