दोन सीसी जास्त

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला भयंकर राग आलेला आहे. तेव्हा जन्मकथा थोडक्यात उरकते. कारखान्यात मला जोडले, हिरवा रंग दिला आणि कागदावर माझ्या इंजिनाचे माप लिहिले: एकशे एकोणपन्नास सीसी. मग एका परिचारिकेने मला घेतले. टेकडीवरच्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या जखमा ती धुऊन बांधते. तो चढ तिने माझ्याच जिवावर काढला. एकदोनदा मी तिला चिखलात लोळवलेसुद्धा, पण तिने आधी माझाच आरसा पुसला.

वय झाले, तशी मी धूर ओकू लागले. तिचा धाकटा भाऊ मेकॅनिक; तिला ताई म्हणतो. त्याने माझा झिजलेला सिलिंडर आतून घासून सारखा केला आणि किंचित मोठा पिस्टन बसवला. धूर थांबला. स्वारी खूश!

वार्षिक तपासणीत त्याला राहवेना. "साहेब, आवाज तर ऐका! मोठा पिस्टन टाकलाय. आता एकशे एक्कावन्न सीसी भरते ही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी मान वर केली. "दीडशेच्या वर? मग वरचा टप्पा. रस्त्याचा कर दुप्पट."

"अहो, दोन सीसीनं रस्ता जास्त झिजतो का?" ताईने विचारले.

"मला नका विचारू, बाई. दर वर ठरतात."

वर म्हणजे कुठे? कुणीतरी टेबलावर पट्टी ठेवून रेघ मारली. अलीकडे गरज, पलीकडे चैन! मी चैन? रस्ता खचवतात दगडांनी भरलेले ट्रक, पण माझे वजन कुणी विचारले नाही, की माझ्यावर बसून कोण कुठे जाते तेही नाही. रस्ता वापरते, तर कर द्यायलाच हवा, हे मला मान्य आहे. पण हा कसला हिशेब? चोर सोडून संन्याशाला फाशी!

ताईला दुप्पट कर झेपला नाही. मी आता शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे आणि ती पायी जाते; सगळी घरे एका दिवसात होत नाहीत. भाऊ येतो, माझ्या सीटवर हात ठेवून म्हणतो, "माझंच मेलं तोंड!"

"तू खोटं कुठे बोललास?" ताई म्हणते.

मित्रांनो, गाडीला तेल द्या, तिला पुसा, असे मी सांगायला हवे. पण माझ्या माणसांनी त्यात काही कमी केले नव्हते. तुमच्यातले कुणी उद्या दर ठरवायला बसेल. त्याने रेघ मारण्याआधी उठावे आणि चढ चढून शेवटच्या घरी जावे. तिथल्या आजोबांची पट्टी रोज बदलावी लागते. आज ती बदलायला कुणी पोचलेले नाही.