तपासनिसाला आठवण दिली तेव्हा

जावा बेटावरच्या जेपारा बंदरात, धक्क्याशेजारी आमचं फेरीच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर बनतं. हाताखाली एआयचे तीन मदतनीस: एक प्रोग्रॅम लिहितो, एक तपासतो, एक चालू करतो. तिघेही हुशार, पण काल शिकवलेलं आज साफ कोरं. रोज सकाळी तेच पुराण, पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्यातल्या तरुण वेनिंगने तपासनिसाला आठवण दिली. काम संपलं की काय कळलं ते तो स्वतःच नोंदवायचा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायचा. आमचे मालक हार्योनो, ज्यांना आम्ही मानाने बापाक म्हणतो, म्हणाले, "चाचणीत चुकला तर हे सगळं पुसायचं." पोरीची वर्षभराची मेहनत पणाला लागली.

आणि तो चुकलाच. समुद्र खवळल्यामुळे बंद असलेल्या फेरीचीही तिकिटं विकणारा प्रोग्रॅम त्याने पास केला. कारण विचारलं, तर पडद्यावर आलं: 'लाटांची तपासणी नको, असं बापाक हार्योनो बैठकीत म्हणाले. सगळ्यांनी होकार दिला.'

दिला होता खरा. मीसुद्धा नंदीबैलासारखी मान डोलावली होती. आमच्या जावात मालकाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बाहेर चहा पिताना म्हणतात.

"आठवण बिघडलीय," बापाक म्हणाले. "पुसून टाका."

मी वेनिंगच्या कानात म्हटलं, "आत्ता हो म्हण गं, नंतर बघू."

"नाही, बू रतीह," ती मला म्हणाली; बू म्हणजे बाई. मग हळू आवाजात बापाकांना म्हणाली, "माफ करा, बापाक. त्याला बरोबर आठवलं. होकार आमचाच खोटा होता. चूक आपली आणि पुसायचं त्याचं?"

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

बापाकांनी पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली. "मग दुरुस्त कसं करायचं?"

"पुढे काय घडलं ते त्याच नोंदीखाली लिहायचं. ज्याने सांगितलं त्यानेच."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं काम उघडलं. कुणी काही सांगायच्या आत तपासनिसाने लाटांपासूनच सुरुवात केली. कारण दिलं: 'हार्योनो चुकले होते. तसं त्यांनी स्वतः लिहिलंय.' बापाकांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं आणि वेनिंगला म्हणाले, "उरलेल्या दोघांनाही दे आठवण."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ही पोर माझ्या हाताखाली शिकलीय, हे मी त्या दुपारी धक्क्यावरच्या भातवाल्यालाही सांगून आले.