दोन्ही चाकं

मराठी वर्तमानपत्रात उलटलेली जीप नेहमी भरधावच असते. उभ्या जागी उलटली तरी ती भरधाव उभी असते. माझा भाचा सुदर्शन जळकोटच्या पुढच्या उतारावर प्रवाशांसकट उलटला, तेव्हा त्याची जीपही नियमाप्रमाणे भरधाव झाली. टपरीवर चहा पिणाऱ्या एका साक्षीदाराने वेगसुद्धा सांगून टाकला, शंभरच्या वर. त्याने तो कशाने मोजला हे कोणी विचारलं नाही. प्रवासी हातपाय मोडून घेऊन वाचले. सुदर्शनला लातूरला आणलं.

दवाखान्यात एकदा तो नीट शुद्धीवर आला आणि वडिलांना म्हणाला, "आबा, म्या साठवर होतो."

त्याचे वडील, म्हणजे माझे दाजी शेषेराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभ्या नोकरीत बसला ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला लावून अजून लग्नांना जातात. ते म्हणाले, "मरताना तरी खोटं बोलू नको."

मरताना हे त्यांनी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. पोरगं मरणार आहे हे तोवर डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. त्यानंतर बापलेकाचं काही बोलणं झालं नाही.

दोन वर्षं झाली. दाजींनी घरात सुदर्शनचा फोटो लावू दिला नाही. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तो पेटीत साड्यांच्या खाली ठेवला. घरी कोणी आलं की दाजी स्वतःहून विषय काढत, "शंभरच्या वर होता. माझ्या पोटचा असून." निवृत्त माणसाला काहीतरी काम लागतं. दाजींनी पोरावर रागावण्याचं धरलं होतं, आणि त्यात एका दिवसाचा खाडा केला नव्हता.

मग एक दिवस सुदर्शनचा दोस्त हरिओम अक्काला दोन गोष्टी सांगून गेला. एक म्हणजे, सुदर्शन जीपच्या अड्ड्यावर सांगायचा की आपण मागच्या अ‍ॅक्सलमध्ये पळणारी जोडी बसवलीय. दुसरी म्हणजे, ती जीप दुरुस्त होऊन, पांढरा रंग लावून नांदेडला एकाच्या आवारात विकायला उभी आहे.

जोडीचं प्रकरण असं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या आत दातेरी चाकांची जोडी असते. क्राऊन-पिनियन म्हणतात. इंजिनाकडून येणारा शाफ्ट तिच्यामार्फत चाकं फिरवतो. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे फेरे जास्त पडत असतील तर गाडी ओढणारी, कमी पडत असतील तर पळणारी. सुदर्शनने जीप देगलूरहून सेकंडहँड घेतली होती. अशा एका जीपमध्ये निदान तीन जीपांचे अवयव असतात. आत कोणती जोडी आहे, हे मोजल्याशिवाय देवालाही सांगता येत नाही.

अक्काने मला फोन केला. "जोडी ओढनारी निघाली तर गाडी शंभर जातच न्हाई. मंग माझं पोरगं खरं बोललं. तू तर्क शिकवतोस न्हवं? मंग चल."

मी लातुरात तर्कशास्त्र शिकवतो. ज्या गावात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात तिथे हा विषय शिकवणं म्हणजे उपाशी राहण्याचा सभ्य मार्ग आहे. गेलो. दाजीही आले, अक्काला खोटं पाडायला. जळकोटहून ती दोघं नांदेडला एकाच बसने आली, पण उतरली एक पुढच्या दाराने आणि एक मागच्या.

आवाराचा मालक रामलिंग. आम्ही गिऱ्हाईक आहोत असं त्याने गृहीत धरलं, आणि आम्हीही त्याचा गैरसमज मोडला नाही.

"या मावशी, बगा. एकदम नॉन-अ‍ॅक्सिडेंट. बिलोलीच्या मास्तरची गाडी. शाळेत जायला वापरली, ती बी चाळीसच्या वर न्हाई."

अक्काने बॉनेटवरून हात फिरवला. "रंग नवा हाय."

"जपली की रंग नवाच राहतो, मावशी."

दाजी इस्त्रीच्या कपड्यांनिशी जीपखाली शिरले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "वेल्डिंग उदगीरची हाय. मी शेजारी उभं राहून करून घेतली होती. गोळ्याचं हाऊसिंग तेच हाय."

"तेच सांगून राहिलो की," रामलिंग म्हणाला. "इंजिन बदललं, हौदा बदलला, पन हाऊसिंगला कुनी हात लावला न्हाई. ओरिजिनल माल."

आवारात जॅक एकच होता. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली, उजवं मागचं चाक उचललं. टायरवर खडूची एक रेघ, शाफ्टवर एक. दाजींनी चाक हळूहळू एक फेरा फिरवलं, मी खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजले.

"अडीच," मी म्हणालो. "वर जरासं."

"पळनारी," दाजी म्हणाले.

दोन वर्षांचा खटला ते जिंकले होते. ते चाकाला टेकून खाली बसले आणि बोटांचा खडू लेंग्याला पुसत राहिले. लेंगा पांढराच असल्यामुळे पुसलं जातंय की नाही ते कळत नव्हतं. पदर डोक्यावर घेऊन अक्का फाटकाजवळच्या जुन्या टायरवर जाऊन बसली.

मी दाजींना समोर चहाला नेलं. चहा येईपर्यंत मी मनात हिशेब करत बसलो. इतके कमी फेरे म्हणजे जीपचा वेग कुठवर जावा? आकडा आला तो मलाच सांगायला संकोच वाटला.

"दाजी, या हिशेबानं ती जीप दीडशेच्या वर पळायला पाहिजे."

"पळवलीच आसंल. आजकालच्या पोरांचं काय सांगावं."

एवढं बोलून त्यांनी कप तोंडाला लावला आणि तो तसाच राहिला. ड्रायव्हर माणूस. पोरावर कितीही राग असला तरी जीपवर इतका अन्याय त्यांना करवेना.

"प्राध्यापक," ते हळू म्हणाले, "डेपोत गाडी दोनी बाजूनं उचलत होते."

"मग?"

"आपलं दुसरं चाक भुईवर होतं. एक चाक अडलेलं आसलं की शाफ्टाचे निम्मेच फेरे पडतेत."

ते गप्प बसले असते तर निकाल लागलेलाच होता. त्यांनी कप खाली ठेवला, चहा अर्धा राहिला.

शेजारच्या पंक्चरवाल्याकडून दुसरा जॅक आणला. रामलिंग वैतागला. "काका, गाडी घ्यायची हाय का ऑपरेशन करायचंय?"

मागची दोन्ही चाकं अधांतरी झाली. दुसऱ्या टायरवरही खडूची रेघ मारली. दाजी म्हणाले, "आता एकट्यानं एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतंय. दोघांनी संगट फिरवाय लागतंय." मी पुढे झालो, तर म्हणाले, "तुमी खाली बगा." मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "आगं ये, तू त्या अंगाला बस."

अक्का उठली. पदर खोचला आणि पलीकडच्या चाकापाशी बसली. दोघांच्या मध्ये जीप. एकमेकांना ते दिसत नव्हते, मला मात्र खालून दोघांचेही हात दिसत होते.

"फिरव."

"तुमी लई जोरात करून राहिले. माझं मागं पडून राहिलंय."

"बरं, हळू घेतो. आता?"

"हं. आता ठीक हाय."

शाफ्टवरची खडूची रेघ माझ्या नाकावरून जाऊ लागली. एक. दोन. अडीचपाशी मी श्वास धरला. रेघ थांबली नाही. तीन झाले, चार झाले.

"थांबू का?" अक्का.

"न्हाई. पुरा होऊ दे."

चाकांवरच्या रेघा वर आल्या. "पाच," मी म्हणालो. "आणि वर थोडं."

"ओढनारी," पलीकडून अक्का म्हणाली.

"हाव," अलीकडून दाजी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ऐंशीच्या वर जानारच न्हाई ही. मानसं भरलेली आसताना तर न्हाईच न्हाई."

म्हणजे पळणारी जोडी ही सुदर्शनने अड्ड्यावर मारलेली बढाई होती. त्या वयात पोरं जे नाही ते अंगाला लावून हिंडतात. आता तर्काने पाहिलं तर जीप शंभरवर नव्हती, एवढंच सिद्ध झालं होतं. ती साठवर होती, हे नाही. एवढं मला कळतं, त्याचाच पगार मिळतो. मी जीपखालून बाहेर आलो आणि तोंड बंद ठेवलं.

"मंग मावशी, घ्यायची का?" रामलिंगने विचारलं.

"आमचीच हाय ती," अक्का म्हणाली. "आमचं पोरगं हिच्यात गेलं."

रामलिंगने मास्तरचं नाव पुन्हा काढलं नाही. तो खाली बसला आणि दोन्ही जॅक स्वतःच उतरवू लागला, अगदी सावकाश, आत कोणी बसलेलं असावं तसं.

दाजींचा हात अजून चाकावर होता. चाक जमिनीला टेकलं तेव्हा तो निघाला. ते जीपला वळसा घालून अक्कापाशी आले आणि तिच्याजवळ मातीत बसले.

"साठवर होता," ते म्हणाले. "सांगितलं होतं त्यानं मला."

अक्का चाकाकडे बघत होती.

"मी त्याला काय म्हनलो होतो, तुला ध्यानात हाय का गं?"

दवाखान्यात तेव्हा ती खाटेच्या उशाशीच उभी होती. सुदर्शनच्या कपाळावर तिचा हात होता.

"न्हाई," अक्का म्हणाली. "मला काय ऐकूच आलं न्हाई त्या दिवशी."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलू नको, असं या वेळी ते म्हणाले नाहीत.